भोंगा नाना आणि निरोपाची खुर्ची

भोंगा नाना खुर्चीत बसत नसत. लग्नात नाही, दवाखान्यात नाही, बँकेत तर नाहीच. एकदा पौडच्या बँकेत मॅनेजरनं स्वतः उठून त्यांच्यापुढं खुर्ची सरकवली, तर नाना असे मागे सरले, जसं कुणी पायाजवळ फुरसंच सोडलं. "राहू द्या सायेब," ते म्हणाले, "मला अजून घाई न्हाई." मॅनेजर हसला. त्याला वाटलं, काय विनयशील म्हातारा आहे! मी शेजारीच उभा होतो आणि माझ्या मानेवर काटा आला होता. घाई कसली नाही, हे मला ठाऊक होतं.

जमिनीवर मात्र ते खुशाल बसायचे. पंगतीला मांडी घालून भात ओरपायचे, पारावर पाय पसरायचे. मी एकदा छेडलंच. म्हटलं, "नाना, मग खुर्चीनं काय घोडं मारलंय?" त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "भुईचं आन् खुर्चीचं लई अंतर हाय, पोपटा. भुई माणसाला खालनं ढकलतीया. झालं जेवन? ऊठ, म्हनतीया. खुर्ची मागनं धरती." आणि 'मागनं धरती' म्हणताना त्यांनी माझेच दोन्ही दंड पाठीमागून असे गच्च पकडले की हातातला वडापाव खाली पडला.

पोपट म्हणजे मी. पिरंगुटच्या पट्ट्यात आमचा रबराचा कारखाना, त्याच्या टाइम ऑफिसात मी कारकून. पण माझी खरी नोकरी माईकची. कारखान्यात सत्यनारायण असो, क्रीडास्पर्धा असो, कुणाचा निरोप असो, सूत्रसंचालन माझ्याकडं. म्हणून पोपट. आणि नाना बॉयलरवर. शिफ्टचा भोंगा त्यांच्या हातात. त्यांनी साखळी ओढली की आवाज थेट भरे गावापर्यंत, त्यांच्या स्वतःच्या घरापर्यंत जायचा आणि बायका त्यावर भाकरीचं पीठ मळायला घ्यायच्या. पुढं भोंगा गेला, साधी विजेची घंटा आली, पण नानांचं नाव भोंगा पडलं ते पडलंच. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथंच राहिलं.

आता खुर्चीकडं येतो. गडबड करू नका, ती कुठं पळून जात नाही. तोच तर तिचा गुण आहे.

आमच्या कारखान्यात निवृत्त होणाऱ्या माणसाला आरामखुर्ची देण्याची पद्धत होती. चांगली दणकट, लाकडी, रुंद हातांची, निळ्या जाड कापडाची. पाठीमागच्या पट्टीवर पितळी पाटी. पाटीवर वर 'सप्रेम भेट', खाली नाव, त्याखाली रुजू झाल्याची तारीख, मध्ये आडवी रेघ आणि निवृत्तीची तारीख. पाटी मीच पुण्याहून करून आणायचो आणि कार्यक्रमात ती उंच धरून सगळ्यांना दाखवायचो. "आयुष्याच्या या सोनेरी सायंकाळी," मी माईकमध्ये गदगदून म्हणायचो, "हे आसन आपल्याला चिरविश्रांती देवो!" टाळ्या पडायच्या. चिरविश्रांती कुणाला लाभते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नाव, दोन तारखा आणि मध्ये रेघ आणखी कुठं असते, हेही नाही. नानांच्या आलं. एका कार्यक्रमानंतर मला बाहेर घेऊन गेले आणि चौकातल्या विजेच्या खांबावर लावलेल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सकडं बोट दाखवून म्हणाले, "बघ. तुझीच पाटी."

मी हसलो. पण पहिली खुर्ची घेऊन गेले होते ते मोल्डिंगचे पांडबा. दसऱ्याला खुर्ची अंगणात मांडली. संक्रांतीच्या आधी एका दुपारी त्यांचं कुत्रं खुर्चीखाली झोपलेलं, पांडबा खुर्चीत, बोटांत विडी. विडी संपली होती, पांडबाही. त्यानंतर कँटीनचे सदादादा. जन्मभर चुलीपुढं वाफा खाल्लेला माणूस. सुनेनं चहा आणून खुर्चीच्या हातावर ठेवला आणि धुणं वाळत घालून कप न्यायला आली, तर चहावर साय धरलेली. मग गेटवरचे सुभेदार. सैन्यातून आलेले, रोज पहाटे टेकडी चढून येणारे, छातीवर वीट फोडतील असे. खुर्ची घरी आली आणि टेकडी सुटली. पुढचं सांगायला नको.

कारखान्याच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. तंबाखू, साखर, रक्तदाब, वय. सगळं पटण्यासारखं होतं. पण डॉक्टर पटवून गेले की कामगार चहाच्या टपरीवर जमायचे आणि कुणीतरी हळूच विचारायचं, "म्होरला कोन?" माझ्या टेबलाच्या खणात पुढच्याची पाटी तयार असायची. लोक टाइम ऑफिसात आले की माझ्या तोंडाकडं न बघता त्या खणाकडं बघायचे. खरं सांगतो, मला मजा वाटायची. एवढा दरारा आमच्या जनरल मॅनेजरचाही नव्हता.

नानांचा निरोप झाला त्या दिवशी सगळा कारखाना गोळा झाला होता. भाषण ऐकायला नव्हे, नाना खुर्चीत बसतात का ते बघायला. प्रथेप्रमाणं मी विनंती केली, "नानांनी आसनस्थ व्हावं." नाना उभे. मी पुन्हा विनंती केली. नानांनी माझ्या हातातला माईक घेतला. "मी लई वर्सं भोंगा वाजवला," ते म्हणाले. "येताना बी वाजवला, जाताना बी वाजवला. आता माझा कोन वाजवतंय त्ये मी बगतो." माईक परत दिला, खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली, पाटी आतल्या बाजूला, आणि चालत निघाले. फाटकापर्यंत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दोनच दिवसांनी बावधनच्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर नाना सुरक्षारक्षकाचा निळा शर्ट घालून उभे. खुर्ची भऱ्याच्या घरी पडवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, तोंड भिंतीकडं.

लोक विचारायला लागले. विचारणारच. नानांना काय कमी होतं? मुलानं, बाळासाहेबानं, रानात कामगारांसाठी खोल्या काढल्या होत्या, भाडं येत होतं. दारात पांढरी मोठी गाडी होती. मग म्हातारपणी ही ड्युटी कशाला? नानांनी कुणालाही एकच उत्तर दोनदा दिलं नाही, आणि मी ती उत्तरं आवडीनं गोळा केली. डॉक्टरांना सांगायचे, "साखर हालती राहती." मुलाला, "तुझा टीव्ही सोसत न्हाई." देवळातल्या गुरवाला, "देवानं हात दिलेत, परत देताना गंजलेले कसे देऊ?" आणि ताराकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, "तुझ्या डोळ्यांम्होरं नगं म्हनून." काकू मला म्हणाल्या, "एवढं एकच कारन मला पटतंय. दिवसभर हितं असता तर मीच कुटं तरी नोकरी धरली असती."

सोसायटीच्या सेक्रेटरीबाई फार मायाळू. त्यांनी गेटवर नानांसाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. "काका, बसा की हो."

"गुरवार हाय मॅडम."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "काका, आज तरी बसा."

"शुक्रवार हाय."

काही आठवड्यांत सगळ्या सोसायटीत पसरलं की वॉचमनकाकांचं सातही दिवसांचं कडक व्रत आहे. चतुर्थीला त्यांना खिचडीचे डबे यायला लागले. एक तरुण इंजिनिअर तर लिफ्टकडं जाताना त्यांच्या पाया पडून जायचा. नाना आशीर्वाद द्यायचे, पण उभ्यानं.

बाळासाहेबाची मात्र पंचाईत झाली. ज्यांना त्यानं जमिनीचा तुकडा विकला होता ते गृहस्थ त्याच सोसायटीत राहायचे. एकदा तो कागदावर सही घ्यायला गाडी घेऊन आला, तर गेटचा दांडा खाली आणि पुढं वडील.

"कुनाकडं जायाचंय?"

"आबा, मी हाय."

"त्ये दिसतंय. कुनाकडं?"

"आबा, लोक बगत्यात. शोभतं का तुमाला ह्ये? सगळा तालुका हसतुया मला."

"तालुक्याला हसू दे. तू गाडी कडंला घे, मागच्याला वाट दे." आणि फोनवरून त्या गृहस्थांची परवानगी आल्याशिवाय त्यांनी दांडा उचलला नाही.

आता इथपर्यंत नाना म्हणजे एक विक्षिप्त म्हातारा असं तुम्हाला वाटलं असेल. पण नानांचं खरं काम ड्युटी सुटल्यावर सुरू व्हायचं. आमच्याकडं कुणी निवृत्त झाला, की पाटीचं पितळ अजून चकाकत असतानाच नाना त्याच्या दारात हजर. फाटकाची कडी वाजायची. घरातली बाई ओट्यावरून बाहेर यायची आणि नानांना पाहिलं की नानांकडं न बघता आधी खुर्चीतल्या नवऱ्याकडं बघायची. छाती हलतेय ना? नाना आलेत म्हणजे इथंही काहीतरी येऊ घातलंय, अशी त्यांची ख्याती झाली होती. नाना 'कसं काय' विचारत नसत, पाणी घेत नसत. खुर्चीपुढं उभे राहायचे आणि म्हणायचे, "चल. शिफ्ट लागली."

बस, एवढंच. आणि माणूस उठायचा! अहो, मी डोळ्यांनी पाहिलंय. कॉम्प्रेसरचे दत्तोबा, सुनेच्याही हाकेला न उठणारे, नानांच्या त्या तीन शब्दांनी ताडकन उभे राहिले, पायात चप्पल सरकवली आणि मगच विचारलं, "कुटं?" नानांकडं कामं तयार असायची. बावधनपासून हिंजवडीपर्यंत सगळ्या वॉचमनांशी त्यांची ओळख, कुठं माणूस हवाय ते त्यांना आधी कळायचं. दत्तोबांना मंगल कार्यालयात गाड्या लावून घ्यायला उभं केलं. शिट्टी मिळाली आणि दत्तोबा फुलले. अजून आहेत, अजून शिट्टी मारतात, मुहूर्ताच्या वेळी भटजींना त्यांच्यापुढं हार मानावी लागते. कुणाला रोपवाटिकेत पाणी घालायला धाडलं, कुणाला शाळेच्या बसमध्ये मुलं मोजायला, कुणाला जांबे गावातल्या मुलांच्या वसतिगृहात डब्यांवर लक्ष ठेवायला. काही बायका तर चोरून निरोप पाठवायच्या, "नाना, आमच्या ह्यांना बी एकदा शिफ्ट लावा. सकाळधरनं भाजीत मीठ किती घालायचं ते शिकिवत्यात."

मी एक गोष्ट मुद्दाम मागं ठेवली होती. कथेकऱ्याला तेवढा हक्क असतो. आता सांगतो.

ही खुर्ची नानांचीच कल्पना होती.

पूर्वी कारखान्यात भिंतीवरचं घड्याळ द्यायचे. कामगार कल्याणाच्या बैठकीत एकदा नाना उठले. मी नवीन होतो, कोपऱ्यात कागद धरून बसलो होतो. नाना म्हणाले, "घड्याळ कशाला देताय सायेब? जन्मभर घड्याळच बघितलं की आमी. खुर्ची द्या. उभ्यानं आयुष्य गेलं. बसू द्या माणसाला." काय टाळ्या पडल्या! साहेबांचे डोळे ओले झाले. पांडबा तर सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवत होते.

म्हणून नाना फिरायचे. त्यांनी ज्यांना बसवलं होतं, त्यांना ते एकेक करून उठवत होते.

आणि मग आले मारुतीअण्णा.

मारुतीअण्णा टर्नर. लेथवर त्यांच्याइतका हसरा माणूस उभा राहिला नसेल. पोट मोठं, आवाज मोठा, आणि गुडघे गेलेले. नानांचे जुने दोस्त, दोघांनी एकाच वर्षी कारखान्याचं तोंड पाहिलेलं, फक्त वयात अण्णा थोडे लहान. त्यांच्या निरोपाला मी विनंती करायच्या आधीच ते धप्पकन खुर्चीत बसले, हातांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आई गं! ह्याच्यासाठी तर नोकरी केली." सगळे हसले. मागं भिंतीला टेकून नाना उभे होते. ते हसले नाहीत.

नाना त्यांच्याकडं गेले तेव्हा मीही गेलो होतो. मला असले प्रयोग चुकवायला आवडत नाहीत. पिरंगुटच्या खालच्या आळीत अण्णांचं घर. दारात तगर, तगरीखाली खुर्ची, खुर्चीत अण्णा, मांडीवर रेडिओ.

"चल मारुती. शिफ्ट लागली."

"मग लागू दे की," अण्णा म्हणाले आणि रेडिओचा आवाज वाढवला.

असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. नाना क्षणभर गोंधळले. "ऊठ म्हनतुया."

"नाना, बस जरा. सुंदरे, नानाला च्या टाक. नाना, मी लेथम्होरं जन्म काढला. आता गुडघं म्हनत्यात बस, डोळं म्हनत्यात मीट, आन् तू एकटा म्हनतोस ऊठ. दोघांचं ऐकू का तुझं?"

"पांडबा बी असाच हसत हुता."

"हसतच गेला ना? मग चांगलं झालं."

नाना परत गेले. पुन्हा आले. पुन्हा गेले. प्रत्येक वेळी अण्णांची नवी चेष्टा, आणि नानांचा आवाज आणखी खाली. शेवटी एका सकाळी नानांनी ते केलं जे त्यांनी कुणाच्याच बाबतीत केलं नव्हतं. खुर्चीमागं गेले, वाकले आणि पाटी मोठ्यानं वाचली. नाव. रुजू झाल्याची तारीख. मग थांबले. मग दुसरी तारीख. त्यांचा आवाज बॉयलरमधून आल्यासारखा येत होता. अण्णा हसत होते, पण हसणं तोंडावरच राहिलं, डोळ्यांतून गेलं. ओट्यावरून अण्णांच्या सुंदराबाई ओरडल्या, "भावजी, माझ्या दारात ह्ये असलं वाचू नगा!"

वाचून झालं होतं.

पुढच्या आठवड्यात मारुतीअण्णा एका बांधकामाच्या गेटवर उभे राहिले. नानांनीच लावून दिलं. मी जाता-येता भेटायचो. त्यांचे पाय सुजलेले असायचे. एकदा मला म्हणाले, "पोपटा, नाना म्हनतो असा जगशील. जगतुया बाबा. पर बसून जगता येत न्हाई का रं?" मी काहीतरी विनोद केला. ते हसले. माणूस विनोदाला नाही म्हणणारा नव्हता.

भाद्रपदात, सकाळी, सिमेंटची गाडी आत घ्यायला अण्णांनी दांडा उचलला आणि दांड्याबरोबरच खाली आले. दवाखान्यापर्यंतही गेले नाहीत.

नाना त्या दिवशी स्मशानात शेवटपर्यंत उभे होते. सगळे निघाले तरी उभे. मी हात धरून आणलं.

तेराव्यानंतर सुंदराबाई भऱ्याला आल्या. स्वतः टेम्पोत पुढं बसून, मागं खुर्ची. मी नानांना भेटायलाच गेलो होतो, म्हणून हे माझ्यासमोर घडलं. त्यांनी खुर्ची उतरवून घेतली आणि पडवीत, नानांच्या प्लास्टिकमधल्या खुर्चीशेजारी ठेवली.

"ही घ्या भावजी."

"वहिनी, ही मारुतीची..."

"तुमीच द्यायला लावली ना? तुमीच उठवलात ना? मग तुमचीच. आता तुमी हिच्याकडं बगत बसा. न्हाई, तुमी बसत न्हाई व्हय. मग उभं राहून बगा."

सुंदराबाईंनी पदरानं खुर्चीचा हात पुसला, जसं रोज पुसत असतील. "हिच्यात बसून ह्येंनी एकदा बी छातीत कळ आली म्हनून सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "रेडिओ ऐकत हुतं. मला हाका मारत हुतं. लगीन झाल्यापास्नं पहिल्यांदा दुपारचं माझ्याशी बोलत हुतं. तेवढं बी तुमाला बगवलं न्हाई." आणि टेम्पोत जाऊन बसल्या.

त्या दिवसापासून भोंगा बंद झाला. नाना ड्युटीवर जायचे, पण कुणाच्या फाटकाची कडी वाजवली नाही. कारखान्यात आणखी निरोप झाले, खुर्च्या घरोघर गेल्या, बायका वाट बघत राहिल्या. काहींना हायसं वाटलं, काहींना भीती. मला विचाराल तर ती शांतताच जास्त वाईट होती. भऱ्याच्या पडवीत दोन खुर्च्या, एक गुंडाळलेली, एक उघडी, आणि रोज संध्याकाळी नाना त्यांच्यासमोर भुईवर मांडी घालून. ताराकाकू म्हणायच्या, "कुनाशी बोलत्यात, काय बोलत्यात, मी ऐकायला जात न्हाई."

आणि मग, मंडळी, माझीच पाळी आली. वयानं नव्हे. कारखान्यात नवीन यंत्रं आली, हजेरी बोटाच्या ठशावर गेली, आणि टाइम ऑफिसला काही कामच उरलं नाही. मला मुदतीआधी निवृत्ती देऊ केली. नाही म्हणण्यासारखी ती विनंती नव्हती. माझ्या निरोपाला सूत्रसंचालन कुणी करायचं यावर बराच खल झाला आणि शेवटी मीच केलं. स्वतःचे गुण स्वतः सांगताना जो रंग भरला, तसा पूर्वी कधी भरला नव्हता. फक्त 'सोनेरी सायंकाळ' म्हणताना माईक जरा दूर धरला. माझी पाटी दुसऱ्याच कुणीतरी करून आणली होती. रेघ जरा लांब होती. मी ती पुनःपुन्हा बघत होतो.

टेम्पोनं खुर्ची दारात उतरवली. बायको म्हणाली, "ती आत येणार नाही. ती आत आली तर मी बाहेर." म्हणून ती व्हरांड्यात राहिली, प्लास्टिकमध्ये. मी तिच्याभोवती फिरायचो. पेपर उभ्यानं वाचायचो. इतकी वर्षं लोकांच्या भीतीची गंमत बघितली, आता ती माझ्या व्हरांड्यात चार पायांवर उभी होती.

एका सकाळी फाटकाची कडी वाजली. बायको दारात आली आणि तिनं आधी माझ्याकडं बघितलं. अगदी त्याच नजरेनं! फाटकात नाना. निळा शर्ट, वाळलेले, पण ताठ.

मी वाट बघत होतो. 'चल, शिफ्ट लागली.' माझी चप्पल कुठं आहे, हेसुद्धा मी नजरेनं शोधून ठेवलं. नानांनी खुर्चीला वळसा घातला. पाटी बघितली, वाचली नाही.

"बसलास का हिच्यात?"

"नाही."

"का रं?"

"तुमची वाट बघत होतो."

नाना म्हणाले, "सर बाजूला." प्लास्टिक फाडलं. "आदी मी बसतो. काय झालं तर तू बसू नगंस."

"नाना, अहो..."

"गप."

आणि भोंगा नाना खुर्चीत बसले. हळूहळू, गार पाण्यात उतरावं तसे. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. पाठ टेकवली. डोळे मिटले. बायकोनं चहाचा कप आणून कठड्यावर ठेवला आणि ती तिथंच उभी राहिली. मी नानांच्या छातीकडं बघत होतो. हलतेय. हलतेय. हलली नाही. हलली! अहो, माझ्या जन्मात एवढं नाट्य मी कुठल्या रंगमंचावर पाहिलं नाही, आणि पुन्हा पाहायचंही नाही. ते चक्क झोपले. घोरले. ते घोरणं आम्ही दोघं नवरा-बायको सनईसारखं ऐकत होतो. चहा थंड झाला, त्यावर साय धरली, आणि बायकोनं तो कप हळूच उचलून आत नेला. साय नानांना दिसू नये म्हणून.

ऊन पायाशी आल्यावर नानांनी डोळे उघडले. जरा वेळ कुठं आहोत ते कळलं नसावं. मग खुर्चीच्या हातावरून हात फिरवला, मारुतीअण्णा फिरवायचे तसा.

"मारुती खरं बोलत हुता," ते म्हणाले. "चांगली हाय."

मी फाटलेलं प्लास्टिक गोळा करायला लागलो.

"पोपटा, इतक्या जनांना उठवलं. दत्तोबाला उठायचंच हुतं, त्यो उठला. मारुतीला न्हवतं. एकाला बी मी इचारलं न्हाई." ते हात टेकवून उठायला लागले. मला वाटलं, आधार द्यावा, पण दिला नाही. ते आपले आपण उठले. "म्हनून तुला इचारतो. तुला बसायाचंय का काम करायचंय?"

"माहीत नाही नाना."

"मग ठरव. दोन्ही बी कर. मला सांगायला येऊ नगंस." फाटकाजवळ वळून म्हणाले, "माझी शिफ्ट हाय," आणि गेले. मुलासाठी नाही, पैशासाठी नाही, खुर्चीच्या भीतीनंही नाही. त्या दिवशी त्यांच्या चालण्यात मला पहिल्यांदाच असं दिसलं की त्यांना तिथं फक्त जायचं होतं.

नाना गेले ते माघात, थंडीत. ना गेटवर, ना खुर्चीत. घरी, सतरंजीवर, झोपेत. खुर्ची मारते म्हणणाऱ्यांना पुरावा मिळाला नाही आणि ड्युटी मारते म्हणणाऱ्यांनाही नाही. टपरीवर दोन्ही पक्ष हिरमुसले. मला तेवढंच सुचलं की त्या सकाळी भुईनं त्यांना खालून ढकललं नसावं.

भऱ्याच्या पडवीतली नानांची खुर्ची आता ताराकाकू वापरतात. प्लास्टिक काढलं, तोंड अंगणाकडं वळवलं. मी घाबरत विचारलं, "काकू, भीती नाही वाटत?" तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मला कुटं कुनी रिटायर केलंय? तिच्यावर माझ्या नावाची पाटी न्हाई. मला काय हुतंय!" मारुतीअण्णांची खुर्ची मात्र त्यांनी सुंदराबाईंना परत पाठवली. ती पुन्हा तगरीखाली आहे, असं ऐकतो. रेडिओही.

आणि मी? मी मंगल कार्यालयांत सूत्रसंचालन करतो, चांगला मोबदला घेतो. निरोप समारंभालाही बोलावतात. तिथं मी 'चिरविश्रांती' हा शब्द वापरत नाही. कार्यक्रम नसेल त्या दुपारी मी माझ्या खुर्चीत बसतो. बसतो हं, खरंच बसतो. पाठ टेकवतो, डोळे मिटतो. बायको अधूनमधून दारातून डोकावून जाते, काय बघते ते मी विचारत नाही. पण फाटकाची कडी वाजली की मी आधी उभा राहतो, पायात चप्पल घालतो, आणि मग कोण आलंय ते बघतो.